रात्रपाळीची सिस्टर, कंत्राटी नोकरी आणि तुमचा रुग्ण

रुग्ण वॉर्डात दाखल असेल, तर रात्री त्याच्यावर सर्वाधिक लक्ष असते ते सिस्टरचे. अनेक सरकारी रुग्णालयांत तिची रात्रपाळी रात्री ८ ते सकाळी ८, म्हणजे सलग १२ तासांची असते.

जागरणाचा परिणाम

आपल्या मेंदूतले जैविक घड्याळ रात्री झोपेची वेळ धरते. पहाटे ३ ते ५ च्या सुमारास सावधपणा सर्वांत कमी असतो. दिवसा झोपले तरी उजेड, आवाज आणि घरकामामुळे झोप अपुरीच राहते. वर्षानुवर्षे असे चालले, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आणि २०१९ मध्ये तेच मत कायम केले.

नोकरीची टांगती तलवार

मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी खासगी एजन्सीमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला. खासगी क्षेत्रासाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये पगाराची शिफारस केली. मात्र ती शिफारसच आहे. अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे.

याचा तुमच्याशी काय संबंध? औषधाचा डोस चुकता चुकता राहिला, तर ते लगेच सांगितले जायला हवे. त्यातूनच पुढची चूक टळते. पण कंत्राट पुन्हा मिळेल की नाही, या धास्तीत असलेली सिस्टर असे सांगायला कचरते. ‘एवढे रुग्ण मला एकटीला झेपत नाहीत’ हेही ती बोलत नाही. थकवा विश्रांतीने कमी होईल, पण ही भीती नोकरी सुरक्षित झाल्याशिवाय जाणार नाही. म्हणून परिचारिकांची कायम भरती हा रुग्णांच्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

तुम्ही काय करू शकता?

• रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे प्रत्येक पाळीच्या सिस्टरला सांगा.
• औषध देताना ‘सिस्टर, हे कशासाठी आहे?’ असे शांतपणे विचारा. हा तुमचा हक्क आहे आणि तिलाही खात्री करून घेता येते.
• पाणी, चादर अशा गोष्टी शक्यतो रात्री झोपण्यापूर्वीच मागून घ्या.
• श्वास लागणे, छातीत दुखणे, रक्तस्राव किंवा रुग्ण नीट प्रतिसाद देत नसल्यास क्षणाचाही विलंब न करता हाक मारा. ‘त्या कामात आहेत’ म्हणून थांबू नका.
• रात्री वॉर्डात एकच सिस्टर असेल, तर तिच्यावर आवाज चढवू नका. रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे किंवा व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीत तिचे नाव नको. वॉर्ड, तारीख, रुग्णांची आणि सिस्टर्सची संख्या लिहा.

जे बोलायला तिला नोकरीची भीती वाटते, ते तुम्ही निर्धास्तपणे लिहू शकता.