रिमच्या आधी टायर

समूहाने सुटणाऱ्या रस्ता-शर्यतींत रिमची उंची (म्हणजेच खोली) ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, हा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा (यूसीआय) नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. तेव्हापासून प्रशिक्षक आणि पालकांकडून एकच विचारणा होते: ‘मग मुलाला पासष्टचीच चाकं घ्यायची ना?’ आमचे उत्तर स्पष्ट आहे. पासष्ट ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

एरो चाकांचा फायदा खरा आहे, यात वाद नाही. १९८४ साली मेक्सिको सिटीत फ्रान्चेस्को मोझरने डिस्क चाकांवर तासाभरात ५१.१५१ किलोमीटर कापले आणि एडी मर्क्सचा १९७२ चा ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. पण १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवसही आठवावा. व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये लॉराँ फिन्योंच्या सायकलला पुढेमागे दोन्ही डिस्क होत्या, ग्रेग लेमाँडच्या फक्त मागे. लेमाँडकडे मात्र हात पुढे जवळ घेता येणारे एरोबार आणि निमुळते हेल्मेट होते. फिन्यों उघड्या डोक्याने, साध्या टाइम ट्रायल हँडलवर धावला. लेमाँडने त्या दिवशी ५८ सेकंद कमावले आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली.

कारण सरळ आहे. वाऱ्याच्या एकूण अवरोधात जवळपास तीन चतुर्थांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो. चाकांचा त्या मानाने थोडा. आणि तो थोडा वाटाही एकट्या रिमच्या हातात नसतो. टायर रिमपेक्षा फुगीर असला तर टायरवरून आलेली हवा रिमला धरून न वाहता सुटते आणि खोल रिमचे पैसे वाया जातात. म्हणून झिप या चाके बनवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या जॉश पोर्टनर यांचा ठोकताळा ध्यानात ठेवावा: रिमची बाहेरची रुंदी टायरच्या किमान १०५ टक्के हवी. टायरवर छापलेला आकडा प्रमाण मानू नका. २८ मिलिमीटरचा टायर रुंद रिमवर हवा भरल्यावर ३० भरू शकतो. मग रिम साडेएकतीसची लागते. व्हर्नियर लावा, मोजा, मगच बोला.

हवेच्या दाबाचेही तेच. हुकलेस रिमवर, म्हणजे टायरची कड अडकवणारा हुक नसलेल्या रिमवर, ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे. जुन्या सवयीने शंभरपर्यंत पंप मारणे म्हणजे टायर रिमवरून निसटण्याला आमंत्रण.

राहिला आडवा वारा. बोरघाट उतरताना कडा संपून दरी उघडते तिथे झोत थेट पुढच्या चाकावर येतो आणि हँडलला हिसका बसतो. पन्नास किलोचा ज्युनियर घाबरून ताठ बसला, ब्रेक दाबत उतरला, की खोल रिमने वाचवलेले वॅट तिथेच संपले. हलक्या स्वाराला पुढे कमी खोलीचे, मागे खोल चाक द्यावे.

चाचणी रस्त्यावर घेता येते. पॉवर मीटर, वारा पडलेली पहाट, सपाट रस्ता, तेच कपडे, तीच बैठक. आधी जुने चाक, मग नवे, पुन्हा जुने. जुन्या चाकाच्या दोन फेऱ्यांत जितका फरक पडतो, त्याहून नव्याचा फरक मोठा नसेल तर तो फायदा धरू नये.

प्रशिक्षकांना आमची विनंती आहे. आधी बैठक बसवा, मग अंगासरशी जर्सी, मग चांगले टायर आणि नेमका दाब. हे सारे जुळल्यानंतरच चाकांचा विषय काढा. खेळाडूच्या घरचा पैसा कशावर खर्च व्हावा, हे बहुतेक वेळा तुमच्या एका शब्दावर ठरते. तो शब्द मोजमाप करूनच द्या.