धावणाऱ्या पोरांचा वस्ताद कोण?

पहाटे साडेचारला आमच्या गावाबाहेरच्या बायपासवर गेलात, तर आधी अंधारातून पावलांचा आवाज येतो आणि मग पोरे दिसतात. दहा-बारा जणांचा एक घोळका, मागे दुसरा, त्याच्यामागे ओढण्या कमरेला गच्च बांधलेल्या चार मुली. कुणी पोलीस भरतीसाठी धावते, कुणी अग्निवीर होण्यासाठी, कुणी अग्निशमन दलाच्या जाहिरातीची वाट पाहत. त्यांच्या बाजूने मोटारसायकलवर एक गृहस्थ शिट्टी फुंकत चाललेले असतात. ते ‘सर’. महाराष्ट्राच्या कुठल्याही तालुक्याला हे दृश्य नवीन नाही. मला मात्र गेली दोन वर्षे एक प्रश्न सुचत राहिला आहे : या मोटारसायकलवरच्या सरांना कोणी शिकवले?

प्रश्न सुचायला कारण घडले ते घरातच. माझा भाचा बारावीनंतर एका भरती अ‍ॅकॅडमीत राहायला गेला. पत्र्याची शेड, वसतिगृह, भिंतीवर निवड झालेल्या मुलांचे फोटो. पहिल्या आठवड्यात रोज दोन किलोमीटर, तिसऱ्या आठवड्यात रोज दहा, तेही डांबरी रस्त्यावर. नडगी दुखू लागली तेव्हा त्याला सांगण्यात आले, ‘दुखतंय म्हणजे पाय तयार होतोय.’ महिन्याने तो लंगडत घरी आला. हाडाला बारीक चीर गेली होती. त्या वर्षीची भरती हुकली. त्याच्या बापाने फी भरण्यासाठी दुभती म्हैस विकली होती.

त्या सरांवर राग काढणे सोपे होते. पण मी स्वतः अठ्ठावीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो आणि ‘दुखतंय म्हणजे पाय तयार होतोय’ हे वाक्य मीही अनेकदा बोललो आहे. मला कवायत घेता येत होती, मैदान आखता येत होते, पंचगिरी करता येत होती. वाढत्या वयाच्या मुलाचे हाड किती आठवड्यांत किती भार सोसते, हे मात्र मला कुणी विचारले नाही आणि मीही कुणाला विचारले नाही.

गोष्ट अशी आहे की, व्यायामाला सुरुवात केली की दम आणि स्नायू काही आठवड्यांतच सुधारतात. हाडाचे तसे नसते. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग झिजवते आणि मग नवा बांधते. मधले काही आठवडे ते उलट कच्चे असते. नेमक्या त्याच काळात मुलाचा दम वाढलेला असतो, त्याला वाटते आपण घोडा झालो, आणि सरही अंतर वाढवतात. या एका गोष्टीचे ज्ञान असते, तर माझ्या भाच्याचे वर्ष वाचले असते. आठवड्यातून दोन दिवस धावणे कमी करून उठाबशा, वजन घेऊन चढणे, पोटाचे आणि कमरेचे व्यायाम दिले असते, तर वेळही सुधारली असती.

हाडाची चीर भरून येते. ऊन मात्र जीव घेते. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये उत्पादन शुल्क शिपायांची भरती झाली. पुरुषांनी एका तासात दहा किलोमीटर धावायचे होते. त्या भरतीत दहाहून अधिक तरुण दगावले आणि सरकारला भरती काही दिवस थांबवावी लागली. श्रमाने येणाऱ्या उष्माघातात शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि मुलगा बरळू लागतो, झोकांड्या खातो. अशा वेळी आपल्याकडे काय होते? भोवती गर्दी जमते, तोंडावर पाणी मारले जाते, जीप शोधली जाते. वैद्यकशास्त्र सांगते, आधी त्याला जागेवरच गार करा, मग दवाखान्यात न्या. बर्फाच्या पाण्याची टाकी उत्तम. ती नसेल तर भरपूर गार पाणी, ओल्या चादरी आणि वारा. पहिल्या अर्ध्या तासावर सारे अवलंबून असते. प्रत्येक भरती मैदानावर पाण्याची एक मोठी टाकी आणि बर्फाच्या चार लाद्या ठेवायला किती खर्च येतो? प्रश्न खर्चाचा नाही, माहितीचा आहे.

तिसरी गोष्ट तर खास आपल्या राज्याची. गडचिरोली, नंदुरबार या भागांत सिकलसेलचे वाहक पुष्कळ. वाहक असलेला मुलगा निरोगी असतो, त्याला आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. पण तापलेल्या उन्हात, पाण्याविना, एका दमात जिवाच्या आकांताने धावल्यास त्याचे स्नायू आतून फुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अमेरिकन सैन्यात १९८० च्या दशकात वाहक रंगरुटांचे अचानक मृत्यू लक्षात आले. पुढे सर्वांसाठीच पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवायचा सराव यांचे नियम तिथे कडक झाले. सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वाहकांमधील मृत्यूंचे प्रमाण इतरांहून फारसे वेगळे आढळले नाही; स्नायू फुटण्याचा धोका तेवढा जास्त राहिला होता. वाहकांना वगळून हे साधले नाही, तर प्रशिक्षण शहाणे करून साधले. आपल्याकडे २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आहे, तपासणी होते, कार्डे वाटली जातात. पण त्या कार्डाचा अर्थ शिट्टीवाल्या सरांना कोण सांगणार?

आता परीक्षेकडे पाहू. पोलीस भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची : मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. लष्करात सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलात आणि दहा बीम मारलेत की पूर्ण गुण. म्हणून अ‍ॅकॅडमीत तेवढेच शिकवतात. पण नोकरीत काय करावे लागते? शिपायाला बंदोबस्तात बारा तास उभे राहावे लागते आणि मग अचानक धावावे लागते. अग्निशमन जवानाला अंगावर जड पोशाख, पाठीवर श्वसनयंत्र घेऊन जिना चढायचा असतो आणि बेशुद्ध माणसाला ओढत खाली आणायचे असते. अमेरिकेत अनेक ठिकाणी अग्निशमन दलाच्या उमेदवाराला पन्नास पौंडांचे जाकीट घालून जिना चढणे, पाइप ओढणे, माणसाच्या आकाराचा पुतळा खेचणे अशी आठ कामे दहा मिनिटे वीस सेकंदांत करून दाखवावी लागतात. त्याच देशात कर्तव्यावर दगावणाऱ्या अग्निशमन जवानांमध्ये हृदयविकाराने जाणारे सर्वांत जास्त आहेत. आग जेवढी मारत नाही, तेवढे न जपलेले शरीर मारते.

तिथेही हे शहाणपण एका रात्रीत आले नाही. नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ मध्ये बॉइड एप्ली या तरुणाला खेळाडूंची ताकद वाढवण्यासाठी नेमले. त्याच्याच पुढाकाराने १९७८ मध्ये अशा प्रशिक्षकांची संघटना उभी राहिली. आज तिचे मुख्य प्रमाणपत्र मिळवायला पदवी लागते. सैनिक, पोलीस आणि अग्निशमन दलासाठी काम करणाऱ्यांची परीक्षा वेगळी आहे. अमेरिकन लष्कराने २०२० पासून तुकड्यांना ताकदीचे प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ द्यायला सुरुवात केली. सैनिक हा बारा महिन्यांचा खेळाडू आहे, हा त्यामागचा विचार.

आपण यात मागासलेले होतो असेही नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवले. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते. लष्कराची शारीरिक प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे, राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात आहे. विहिरी आहेत, पाणी आहे. पोहरा तेवढा नाही. आमच्या तालुक्यातल्या सरांपर्यंत या संस्थांतले एक पानही पोहोचत नाही.

कुणी म्हणेल, तालमीतल्या वस्तादाने कुठे पदवी घेतली होती? खरे आहे. पण वस्तादाकडे पोर आठव्या वर्षी येई आणि दहा वर्षे त्याच्या डोळ्यांसमोर वाढे. कुणाला किती जोर, कुणाला किती बैठका, कधी विश्रांती, कधी खुराक, हे तो एकेकाकडे पाहून ठरवी. आज सरांकडे दीडशे पोरे सहा महिन्यांसाठी येतात. ज्या ज्ञानाला वस्तादाने आयुष्य दिले, ते सहा महिन्यांत वापरायचे तर कुणीतरी आधी नीट शिकवलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप परवाने राजचा. म्हणजे आणखी एक दाखला, आणखी एक टेबल. तो मला मान्य आहे. म्हणून मी बंदीपासून सुरुवात करा असे म्हणत नाही. आपल्या विद्यापीठांनी, जिथे जिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे तिथे, गणवेशातल्या सेवांसाठी प्रशिक्षक घडवणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढावा. आठवड्याच्या शेवटी वर्ग घ्यावेत, म्हणजे अ‍ॅकॅडमी चालवणाऱ्या माजी सैनिकाला येता येईल. या माणसांजवळ शिस्त आहे, मुलांविषयी कळकळ आहे. भर हवी ती शरीरशास्त्राची. त्यात भार वाढवण्याचे गणित असावे, ताकदीचे व्यायाम असावेत, उष्माघात, सिकलसेल, मुलींची पाळी आणि रक्तक्षय यांची माहिती असावी आणि निदान एक महिना पोलीस प्रशिक्षण केंद्रात किंवा अग्निशमन केंद्रात काढावा. मग पालकांनीच विचारावे : सर, तुम्ही तो कोर्स केलाय का? बाजार त्या एका प्रश्नाने सुधारेल.

तोवर पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. फी भरण्यापूर्वी भिंतीवरचे फोटो पाहू नका. किती पोरे निवडली गेली हे विचारता, तसे किती पोरे जायबंदी होऊन घरी परतली हेही विचारा. उत्तर देताना सर अडखळले, तर म्हैस विकू नका.

भाचा आता पोलीस भरतीची तयारी करतो आहे. या वेळी आठवड्यातून तीनच दिवस धावतो, दोन दिवस माझ्या अंगणात वाळूची पोती उचलतो. परवा म्हणाला, ‘मामा, नडगी दुखत नाही, तर तयारी कमी पडतेय की काय असं वाटतं.’ मी त्याला काही बोललो नाही. ती शिकवण त्याच्या अंगात मुरली होती, आणि ती मुरवणाऱ्यांत मीही एक होतो.