वावरात टॉवर, सातबाऱ्यावर कोण?

अकोला जिल्ह्यात पारसला वीज तयार होते. अमरावतीजवळ नांदगावपेठेला १३५० मेगावॅटचा खाजगी प्रकल्प उभा आहे. तिरोड्याहून कोराडी, अकोला करीत औरंगाबादकडे (आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे) जाणारी ७६५ केव्हीची वाहिनीही आपल्याच भागातून गेली. वीज तयार होते एकीकडे, जळते दुसरीकडे, आणि मधल्या वाटेवर आपली वावरे आहेत. त्या वावरांत टॉवर उभे राहतात. टॉवर आला की गावात भांडण येते, पोलीस येतात, पंचनामा होतो आणि शेवटी चेक येतो. या सगळ्यात बाई कुठे असते, हा या अंकाचा प्रश्न आहे.

विरोधाच्या वेळी ती सर्वात पुढे असते. जेसीबी आडवायला, मोजणीवाल्यांना परत पाठवायला बायांना पुढे बसवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. बायांवर हात टाकायला पोलीस कचरतात, असा हिशेब त्यामागे असतो. पण पंचनाम्याच्या कागदावर सह्या होतात तेव्हा ती चहा करायला घरात गेलेली असते, आणि चेक निघतो तेव्हा तिचे नाव कुठेच नसते. कारण विचारले की उत्तर ठरलेले आहे: ‘सातबाऱ्यावर तिचे नाव नाही.’

मैत्रिणींनो, हे उत्तर बरोबर आहे का, ते तपासून पाहू.

कंपनी आपल्या वावरात कोणत्या अधिकाराने येते, हे आधी समजून घ्यायला हवे. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६४ नुसार सरकार एखाद्या वीज कंपनीला तार खात्याचे जुने अधिकार देऊ शकते. हे अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले आहेत. तो कायदा झाला तेव्हा वऱ्हाड नावाला निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने टेलिग्राफ कायदा रद्द केला, पण वीज वाहिन्यांपुरता त्यातला हा भाग चालू ठेवला. ज्या कंपनीकडे हा अधिकार आहे तिला जमीनधारकाची आगाऊ संमती घ्यावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पॉवर ग्रिडच्या एका प्रकरणात हेच सांगितले. कोणी अडवले तर जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, कलम १६ खाली काम करू देण्याचा आदेश काढू शकतात. ज्या कंपनीकडे हा अधिकार नाही तिला मात्र २००६ च्या नियमांप्रमाणे मालकाची संमती किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: ‘कलम १६४ चा आदेश तुमच्याकडे आहे का? त्याची प्रत द्या.’

‘आमच्या मर्जीशिवाय कोणी येऊच शकत नाही’ असे सांगून गावाला भरीला घालणारे पुढारी पुष्कळ आहेत. त्यांच्या नादी लागून गुन्हे अंगावर घेतात त्या बाया. म्हणून कायद्याचा हा कडू भाग आम्ही आधी सांगितला.

पण त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये तीन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. कंपनीला जमिनीत फक्त वापराचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. काम करताना नुकसान शक्य तेवढे कमी झाले पाहिजे. आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई ‘हितसंबंध असलेल्या सर्व व्यक्तींना’ दिली पाहिजे. हे शेवटचे शब्द नीट वाचा. कायदा तिथे ‘सातबाराधारकाला’ असे म्हणत नाही. हितसंबंध असलेल्या सर्वांना म्हणतो. एवढेच काय, पैसे कोणाला आणि किती वाटून द्यायचे यावर वाद झाला तर कंपनीने रक्कम जिल्हा न्यायाधीशांकडे भरावी आणि त्यांनी निवाडा करावा, अशीही सोय कलम १६ मध्ये आहे. गॅसच्या नळासाठी लागणाऱ्या १९६२ च्या पाइपलाइन कायद्यातही जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणाही व्यक्तीचे नुकसान धरले आहे.

म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारने तारांसाठी केलेला कायदा या बाबतीत आपल्या तलाठी कार्यालयापेक्षा मोठ्या मनाचा निघाला. बाईला बाहेर ठेवले ते कायद्याने नाही. ते वहिवाटीने ठेवले.

सातबाऱ्याचाच अर्थ बघा. गाव नमुना सात हा हक्काचा आणि बारा हा पिकांचा. सरकी टोबणे, निंदण, कापूस वेचणे, तूर सोंगणे हे सगळे बाराचे काम आहे आणि ते बहुतांशी बाईच्या हातचे आहे. साताच्या रकान्यात मात्र सासरा, नवरा, दीर. टॉवरखाली पऱ्हाटी मोडते तेव्हा नुकसान बारामध्ये होते आणि भरपाई सातावर जाते.

यात सर्वात जास्त मार बसतो तो एकट्या बायांना. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या ५०५ शेतकरी स्त्रियांची पाहणी महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली मराठवाडा आणि विदर्भात केली. त्यातल्या ४० टक्के बायांना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. त्यानंतर जून २०१९ मध्ये शासनाला या स्त्रियांच्या वारस नोंदीसाठी वेगळे आदेश काढावे लागले. अशा बाईच्या वावरात टॉवर आला तर चेक दिराच्या किंवा सासऱ्याच्या नावाने निघतो. परित्यक्तेचे तर नावच कोणी घेत नाही. मक्त्याने किंवा बटईने वावर करणारी बाई पीक गमावते आणि पैसे मालक नेतो. बहिणींना १९९४ च्या राज्याच्या आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळाला. पण भरपाईची कुणकुण लागली की भाऊ साडी घेऊन येतो आणि हक्कसोड पत्रावर सही मागतो. सही करण्याआधी निदान विचारा: ‘दादा, टॉवर किती आणि रक्कम किती?’

रक्कम किती, हे बाईला माहीत असलेच पाहिजे. राज्य शासनाच्या डिसेंबर २०२२ च्या धोरणाप्रमाणे ६६ केव्ही आणि त्यावरील वाहिन्यांसाठी टॉवरच्या पायाखालील जागेला रेडी रेकनरच्या दुप्पट आणि तारांखालील पट्ट्याला १५ टक्के मोबदला आहे. केंद्र सरकारच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच आकडे २०० आणि ३० टक्के आहेत. आपल्या गावावरून जाणाऱ्या वाहिनीला यातला कोणता निर्णय लागू केला, ते जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावे. ११ आणि ३३ केव्हीच्या लाइनी या धोरणात बसत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

एक हिशेब करून पाहू. समजा, जमिनीचा दर हेक्टरी १० लाख रुपये आहे आणि २२० केव्हीच्या टॉवरने २० मीटर लांब, २० मीटर रुंद, म्हणजे ४ आर जागा घेतली. तिची किंमत ४० हजार, दुप्पट ८० हजार. या वाहिनीचा पट्टा ३५ मीटर रुंद धरतात. तारा आपल्या वावरावरून २०० मीटर गेल्या असतील तर ७० आर जागा त्याखाली आली. तिची किंमत ७ लाख. १५ टक्क्यांनी १ लाख ५ हजार, ३० टक्क्यांनी २ लाख १० हजार. पीक आणि झाडे यांचे पैसे याहून वेगळे. पुष्कळ ठिकाणी टॉवरचे पैसे घेऊन माणसे गप्प बसतात, पट्ट्याचे मागतच नाहीत.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. विहिरीचे पाणी खारट, ओलीत नाही, म्हणून जमीन जिरायत, म्हणून दर कमी. पण पायाचा खड्डा खणताना खालची माती वर येऊन पसरते आणि ओल्या काळ्या रानात यंत्रांच्या चाकोऱ्या पडतात, त्याचा त्रास ओलिताच्या जमिनीइतकाच. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचे झाड तोडले तर पुन्हा फळावर यायला कित्येक वर्षे जातात. हे सगळे पंचनाम्यात लिहून घ्यायचे असते, आणि ते नेमके सांगू शकते ती रोज वावरात जाणारी बाई.

मग आपण काय करायचे? आमच्या मते गटांनी हे काम टॉवर यायच्या आधीच हाती घेतले पाहिजे.

पहिले, नाव. शासनाने १५ सप्टेंबर १९९२ च्या परिपत्रकाने लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्याने अर्ज केल्यास त्याच्या हयातीत बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागते. शेतकरी महिला आघाडीने हा विचार गावोगाव नेला होता. नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली ही योजना आपल्याला पुरी पडत नाही, ती दान वाटते, हे खरे. पण नाव लागले की चेकवर दावा लागतो. विधवांच्या वारस नोंदी तर एकही महिना लांबवू नयेत.

दुसरे, पंचनामा. तो वावरात, बाईच्या समोर झाला पाहिजे. कसणारी म्हणून तिचे नाव, पिकाची अवस्था, झाडांची संख्या आणि वय, धुरे-पांदणीची मोडतोड हे त्यात हवे. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. ई-पीक पाहणीत पेरा नोंदलेला असला तर पुराव्याला आधार मिळतो.

तिसरे, अर्ज. नाव सातबाऱ्यावर नसले तरी ‘मी या जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती आहे, माझा हिस्सा ठरल्याशिवाय पूर्ण रक्कम एकाला देऊ नये’ असा अर्ज कंपनी आणि जिल्हाधिकारी दोघांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. एकटीने दिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो, वीसजणींनी मिळून दिलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायालयाचा रस्ता कलम १६ नेच मोकळा ठेवला आहे.

चौथे, खाते. पैसे हिस्स्याप्रमाणे ज्याच्या-त्याच्या खात्यात जावेत. घरात एकदा आलेली रक्कम पुढे कुठे जाते, हे दारूबंदीच्या कामात आपण पुरेसे पाहिले आहे.

काही कार्यकर्त्या म्हणतील, हा शेतकऱ्यांचा प्रश्न आहे, स्त्रियांच्या चळवळीचा नाही. शेतकरी संघटनांतले भाऊ म्हणतील, आधी कंपनीशी लढू, घरातले नंतर बघू. हे ‘नंतर’ आपण हुंड्याच्या, पोटगीच्या, मजुरीच्या प्रत्येक लढ्यात ऐकले आहे. कंपनीशी लढताना बाई पुढे बसणार असेल तर वाटपाच्या वेळीही तिची जागा पुढेच असली पाहिजे. हे लढा सुरू होण्याआधी, गावाच्या बैठकीत, सर्वांसमोर ठरवून घ्या.

आपल्या गावाजवळ मोजणीच्या खुंट्या दिसू लागल्या असतील तर त्याच आठवड्यात गटाची बैठक बोलवा आणि गावातल्या प्रत्येक एकट्या बाईचा सातबारा काढून पाहा. टॉवर एकदा उभा राहिला की दोन पिढ्या हलत नाही. कागदावरचे नाव मात्र आज हलवता येते.