गाडी बंद पडली की आधी पार्ट नाही, कारण शोधा

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण वाचून झाल्यावर पिकाचंही आठवेल.

आमची चौदा फुटी गाडी आहे, चार सिलिंडरची, कॉमन रेल इंजिनची. टोमॅटो चालू असला की संगमनेरकडून नारायणगावला रोजची फेरी असते. मागच्या हंगामात गाडी चढाला ओढेना. सपाटीला ठीक, पण भरलेली गाडी चंदनापुरी घाटात आली की जीव सोडायची. गॅरेजला नेली. (कुठल्या ते सांगत नाही, कारण चूक एकट्या त्यांची नव्हती.) तिथं आवाज ऐकला, धूर बघितला आणि निकाल दिला, "चारही इंजेक्टर गेलेत." हंगाम तोंडावर होता, मी म्हटलं टाका. रिकंडिशन इंजेक्टर आणि मजुरी धरून 46 हजार गेले.

गाडी चालू झाली, आवाज एकदम गोड. दुसऱ्या रात्री 250 क्रेट भरले आणि निघालो. घाटात अर्ध्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. पहाटेचे तीन वाजलेले, मागं पाच टन माल. पोरानं उडी मारून चाकाला दगड लावला म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं ते सांगायला नको. इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग जड होतं, ब्रेकची हवा भरायची थांबते. पंधरा मिनिटं थांबून सेल मारला तर गाडी लगेच चालू! थोडं अंतर गेली, परत बंद. असं करत करत मार्केटला पोचलो तेव्हा लिलाव उरकत आले होते. माल मिळेल त्या भावानं दिला.

परत गॅरेज. स्कॅनर लावला. रेलमध्ये जेवढं प्रेशर इंजिन मागतंय तेवढं मिळत नाही असं दिसलं. लगेच म्हणाले, "आता हाय प्रेशर पंप गेला." म्हणजे आणखी पन्नास-साठ हजार. इथं मी थांबलो. आमच्या गावात एक मामा आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांच्याकडे गेलो.

मामांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी प्रश्न विचारले. बंद कधी पडते, गार असताना की गरम? उभी असताना की लोडवर? किती मिनिटांनी? थांबून परत चालू होते का? मग डिझेल कुठलं टाकतोस?

शेवटच्या प्रश्नाला मी गप्प झालो.

मग त्यांनी एक स्वच्छ कॅन घेतला, पंपावरून ताजं डिझेल आणलं. टाकीकडून येणारी नळी सोडून कॅनमध्ये टाकली, रिटर्नची नळीही कॅनमध्येच. कॅन केबिनमागं पक्का बांधला आणि माल भरून जवळच्या चढावर गाडी पळवली. एकदाही बंद पडली नाही. म्हणजे पंप ठीक, इंजेक्टर ठीक. दोष कॅनच्या अलीकडं, टाकीत.

टाकी उतरवली. आतल्या नळीच्या तोंडाला जाळी असते, तिच्यावर काळा चिकट गाळ बसलेला, शेवाळासारखा. तळाला पाणी. गाडी लोडवर डिझेल जास्त ओढायला लागली की गाळ जाळीला चिकटायचा, डिझेल कमी पडायचं, रेलचं प्रेशर उतरायचं आणि इंजिन बंद. थांबलो की ओढ थांबायची, गाळ खाली पडायचा, गाडी परत चालू. टाकी धुणं, जाळी साफ, दोन्ही फिल्टर नवे, सगळं मिळून साडेतीन हजाराच्या आत काम झालं. तेव्हापासून घाटात एकदाही थांबली नाही.

मी जुने इंजेक्टर मागून आणले होते. पंप लॅबमध्ये बेंचवर लावून तपासले. चारपैकी एकाचं रिटर्न जास्त होतं, बाकी तीन चांगले निघाले. म्हणजे चढाला न ओढण्याचं मूळ कारण पहिल्यापासून जाळीच असणार. 46 हजारांतला बराचसा पैसा चांगला पार्ट काढून दुसरा पार्ट बसवण्यात गेला.

आता माझं मत सांगतो. स्कॅनरचा आकडा खरा होता, त्याचा लावलेला अर्थ चुकला. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी पडतात तेव्हा काय होतं? लोह जमिनीत असतं, पण मुळाला मिळत नाही. आपण वर युरिया फेकत बसतो. इथंही तेच. पंपात ताकद होती, त्याच्यापर्यंत डिझेल पोचत नव्हतं. लक्षण बघून औषध मारणारा दुकानदार आणि लक्षण बघून पार्ट बदलणारा मिस्त्री, दोघांत फरक नाही. आणि दोघांना तशी सवय लावणारे आपणच. "संध्याकाळपर्यंत गाडी द्या" म्हणतो. तपासणीचे हजार रुपये मागितले तर "नुसतं बघायचे पैसे?" म्हणून भांडतो. पार्टचे चाळीस हजार मात्र मुकाट देतो. तपासणीचे पैसे द्यायला शिकलं पाहिजे.

इंजेक्टर बदलल्यावर गाडी बंद पडत असेल तर पंपाला हात लावू देण्याआधी या क्रमानं बघा. स्वस्तातलं आधी.

1. कधी, किती वेळानं, कशी बंद पडते ते वहीत लिहा.
2. वॉटर सेपरेटरचं पाणी काढा. बाटलीत धरून बघा, खाली पाणी बसतं का, गाळ येतो का.
3. बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण सैल करा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.
4. फिल्टरच्या अलीकडं थोडी पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दिसतात का बघा. ओढणाऱ्या बाजूला चीर असली तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा आत जाते. इंजेक्टरच्या कामात फिल्टर, नळ्या हलवल्या जातात, जुना रबर तिथंच तडकतो.
5. कॅन लावून चालवून बघा.
6. प्रत्येक इंजेक्टरचं रिटर्न वेगळ्या बाटलीत मोजा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा फारच भरली तर तो इंजेक्टर रेलचं प्रेशर खातोय.
7. नव्या इंजेक्टरवर कोड असेल तर तो स्कॅनरनं गाडीत भरलाय का, ते विचारा. राहिला तर इंजिन उभ्या जागी थरथरतं, धूर मारतं, कधी बंदही पडतं. जुना तांब्याचा वायसर भोकात राहून वर दुसरा बसला नाही ना, तेही विचारा.

एवढं करून दोष सापडला नाही तर मग पंप.

आणि एक गोष्ट जिवाची. जुन्या ट्रॅक्टरला हवा धरली की आपण इंजेक्टरचं नट सैल करून हवा काढतो. ती सवय कॉमन रेलच्या गाडीवर अजिबात नको. चालू इंजिनला रेलमध्ये शेकडो बार प्रेशर असतं, लोडवर हजाराच्या वर जातं. ती धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते. जखम सुईएवढी दिसते, पण हात जाऊ शकतो. असं झालं तर हळद लावून बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात जा.

आता माझी चूक. टाकीत पाणी आलं कुठून? आमच्या शेडमधल्या ड्रममधून. अर्धा भरलेला ड्रम पत्र्याखाली उभा, झाकण सैल. दिवसा तापतो, रात्री गार होतो, आत दव धरतं. पाणी तळाला बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर जंतू वाढतात. तोच काळा गाळ. वर मी ड्रम कलता करून शेवटच्या थेंबापर्यंत डिझेल काढायचो, काटकसर म्हणून! गॅरेजवाल्याला शिव्या देण्याआधी हे मला कबूल केलं पाहिजे.

आता ड्रम ठेवलेलाच नाही. ज्यांना ठेवावाच लागतो त्यांनी सावलीत, झाकण घट्ट, भरत आलेला ठेवा. हलवल्यावर लगेच काढू नका, तळाचं चार बोटं डिझेल गाडीत घालू नका, जाळीच्या चाडीतून गाळून घ्या.

आणि बदललेला पार्ट प्रत्येक वेळी परत मागून घ्या. पैसे दिलेत म्हटल्यावर जुनाही तुमचाच. इंजेक्टर खराब सांगितला तर म्हणा, बेंचवर लावून दाखव. नीट काम करणारा मिस्त्री याचा राग धरत नाही. उलट त्याला बरं वाटतं, हे मी मामांकडं बघून सांगतो.

तुमच्याकडं असं काही झालं असेल तर खाली लिहा. कुणाचा तरी पुढचा घाट सोपा होईल.