मराठी सिनेमा ‘जगवायला’ मी तिकीट काढत नाही

दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर एक व्हिडिओ फिरत येतो. अभिनेता किंवा दिग्दर्शक गाडीत बसलेला, चेहरा उतरलेला. आमच्या सिनेमाला शो मिळत नाहीत, मिळाले तेही काढून घेतले, मराठी माणसा, तू आहेस कुठे? खाली कमेंटमध्ये ठरलेलं वाक्य असतंच : साउथवाल्यांकडून शिका, भाषेवर प्रेम कसं करायचं ते. मग आपण सगळे जरा ओशाळतो, एक दिलाचं चिन्ह टाकतो आणि पुढच्या रीलवर जातो.

मला या ओशाळण्याचा आता कंटाळा आलाय. मी समीक्षक नाही, फिल्म सोसायटीची सभासद नाही. वर्षाला आठ-दहा पिक्चर थेटरात बघते, त्यातले तीन-चार मराठी. पिक्चर आवडला तर चार जणांना सांगते, नाही आवडला तर चाळीस जणांना. माझ्यासारख्या लोकांवरच हा धंदा चालतो आणि शिव्याही आम्हीच खातो. म्हणून एकदा आमच्या बाजूनं.

‘मराठी प्रेक्षक थेटरात येत नाही’ हे खोटं आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला तेव्हा कोण आलं होतं? दोन्ही मुख्य चेहरे नवे, गोष्ट करमाळ्याकडची, बोली तिकडचीच. लोक एकदा बघून पुन्हा गेले, ‘झिंगाट’ लागलं की खुर्च्या सोडून नाचले. २०२३च्या जूनअखेर ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी, त्याही वयानं पोक्त, आणि मंगळागौरीची स्पर्धा. कुठल्याही बैठकीत हा विषय सांगितला असता तर ‘टीव्हीवर करा’ म्हणून वाटेला लावला असता. बायका साड्या नेसून, भिशीचे आणि सोसायटीचे गट करून आल्या. त्यातल्या कित्येकींनी आधीचा पिक्चर थेटरात कधी पाहिला होता ते त्यांनाही आठवलं नसेल. त्यांना कुणी भाषेची शपथ घातली नव्हती.

आता साउथचं. त्या ठरलेल्या वाक्यात एक गोष्ट कधीच नसते : तमिळनाडूत तिकिटाच्या दराला सरकारी कमाल मर्यादा आहे. प्रेमाचं काय ते असेलच, पण खिशाचंही आहे. आपल्याकडे जीएसटी येईपर्यंत, म्हणजे २०१७पर्यंत, मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता. आता शंभराच्या वर तिकीट गेलं की १८ टक्के, मग पडद्यावर अॅव्हेंजर्स असोत नाहीतर आपली गावची जत्रा. शनिवारी संध्याकाळी चौघांचं घर मॉलमधल्या थेटरात गेलं तर तिकिटांचेच हजाराच्या आसपास जातात. वर ऑनलाइन बुकिंगची फी, पार्किंग आणि मधल्या सुट्टीतली ती पॉपकॉर्नची बादली. बाहेरचे पदार्थ आत नेऊ देऊ, अशी घोषणा २०१८मध्ये राज्य सरकारनं केली होती, ती हवेतच विरली. २०२३च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की खाणं अडवायचा अधिकार थेटरवाल्याला आहे, प्यायचं पाणी मात्र फुकट द्यावं लागेल. तेवढं तरी मागून घेत जा. पुष्कळांना माहीतच नसतं.

आणि दर उतरला की काय होतं हेही आपण पाहिलंय. २३ सप्टेंबर २०२२ला राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून देशभर ७५ रुपयांत तिकीट ठेवलं. शुक्रवार होता, सुट्टी नव्हती, तरी सकाळपासून शो भरले. त्या दिवशी भाषेवरचं प्रेम अचानक वाढलं होतं असं कुणी म्हणणार असेल तर माझा नमस्कार.

पण पैसा हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा घड्याळात आहे. २०१५च्या एप्रिलमध्ये सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी जाहीर केलं की मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइममध्ये, म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ, मराठी सिनेमा दाखवलाच पाहिजे. काय गदारोळ झाला! शोभा डे यांच्या ट्वीटवरून मोर्चा, वडापाव, हक्कभंग, सगळं झालं. त्या धुरळ्यात मूळ आदेश दोन-तीन दिवसांत बदलला आणि प्राइम टाइम झाला दुपारी बारा ते रात्री नऊ. बाराला! नोकरी करणारा, कॉलेजला जाणारा, दुकान सांभाळणारा कुठला मराठी माणूस मंगळवारी दुपारी बाराला मोकळा असतो? कागदावर नियम पाळला गेला आणि पिक्चर रिकाम्या खुर्च्यांना दाखवला गेला. मग त्याच रिकाम्या खुर्च्यांचा आकडा पुढे करून सांगायचं, बघा, मागणीच नाही.

हे दुखणं मल्टिप्लेक्सनी आणलेलं नाही, हेही सांगते. १९७१मध्ये दादा कोंडकेंच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, कारण तिथे देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. शिवसेनेनं दम दिल्यावर ‘सोंगाड्या’ लागला आणि पुढे काय झालं ते आपल्या आजोबांना विचारा. त्या गोष्टीतला दम सगळ्यांना आठवतो. मला आठवतं ते एवढंच, की लावल्यावर लोक आले.

मोठ्या हिंदी पिक्चरची जाहिरात दोन महिने आधी सुरू होते, शुक्रवारपर्यंत तो तुमच्या स्वप्नात येतो. लहान मराठी पिक्चरची जाहिरात म्हणजे तुमची मावसबहीण. ती रविवारी बघणार, सोमवारी ग्रुपवर टाकणार, तुम्ही बुधवारी वाचणार, पुढच्या शनिवारी जायचं ठरवणार. तोवर अॅपवर एकच शो उरलेला असतो, सकाळी पावणेदहाचा, घरापासून सतरा किलोमीटरवर. तोंडी प्रसिद्धीला आठ-दहा दिवस लागतात आणि पिक्चरला मिळतात चार. निर्मात्याला पडद्यामागे डिजिटल प्रिंटची फी भरावी लागते ती वेगळीच. आधी विहिरीवरची दोरी कापायची आणि मग विचारायचं, पाणी का नाही काढलं?

मग वाटतं, राहू दे, महिन्या-दोन महिन्यांत फोनवर येईलच. येतोही. आणि इथेच माझं खरं दुःख आहे, कारण फोनवर जे येतं त्यातून अर्धा सिनेमा गळून गेलेला असतो. मी आवाजाबद्दल बोलतेय.

‘सैराट’चा वाद्यवृंद अजय-अतुलनी लॉस एंजलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला. करमाळ्यातल्या विहिरीत उडी मारणाऱ्या पोराच्या मागे एवढी मोठी सिंफनी! फोनच्या स्पीकरवर ती नुसती गोड वाटते. थेटरात ती छातीवर येते आणि कळतं की या पोराला जे वाटतंय ते त्याच्या मापाच्या बाहेरचं आहे. गाणी सगळी पूर्वार्धात वाजून जातात. नंतर संगीत हळूहळू मागे सरतं आणि शेवटी तर काहीच उरत नाही, आवाजसुद्धा नाही. चारशे माणसं एकत्र गप्प बसतात, त्या गप्प बसण्यालाही थेटर लागतं. फोनवर त्याच वेळी वरून डिलिव्हरीवाल्याचा मेसेज येतो.

किंवा ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. १९६७चं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत. २०१५च्या दिवाळीत ते पडद्यावर आलं, तेही सलमानच्या ‘प्रेम रतन धन पायो’सोबत, एकाच दिवशी. नाट्यसंगीत म्हटल्यावर पळ काढणारी माझ्या वयाची पोरं आजी-आजोबांना घेऊन गेली आणि तानेला शिट्टी मारून आली. ज्यांना ‘आजच्या पिढीला हे झेपत नाही’ असं वाटतं त्यांनी त्या शिट्ट्या ऐकायला हव्या होत्या.

आता निर्मात्यांकडे वळते, नाहीतर त्यांना वाटेल मी त्यांची वकील आहे. तुमची हल्लीची बरीच गाणी सिनेमासाठी नसतातच, ती रीलसाठी असतात. तीस सेकंदांची ओळ, दोन हातांची एक स्टेप, हळदीला वाजेल असा ठेका. पिक्चरमध्ये ते गाणं आलं की गोष्ट बाहेर चहा प्यायला जाते. पार्श्वसंगीताचं तर विचारूच नका. आई दारात उभी राहिली की बासरी, बाप गप्प बसला की व्हायोलिन, महाराजांनी नुसती मान वळवली तरी ढोल. आम्हाला रडू कधी यायला हवं हे कानात ओरडून सांगायची गरज नाही, आम्ही घरूनच तयारीत आलेलो असतो. ‘फर्जंद’पासून ‘सुभेदार’पर्यंत पाच वर्षांत एकाच दिग्दर्शकाचे पाच इतिहासपट आले. ‘पावनखिंड’ मी आवडीनं पाहिला. पाचव्यापर्यंत माझे कान थकले होते. आणि लंडनमध्ये घडणाऱ्या त्या कौटुंबिक गोष्टी! त्या लंडनमध्येच का घडतात हे शेवटच्या पाटीपर्यंत कळत नाही. असा पिक्चर पडला की तोच गाडीतला व्हिडिओ, तीच मराठी माणसाला हाक. ‘कोर्ट’, ‘किल्ला’, ‘फँड्री’ करणाऱ्यांनी ही हाक मारली असती तर ऐकली असती.

तेव्हा मागायचंच असेल तर माझ्याकडे अस्मिता मागू नका, सरकारकडे आणि थेटरवाल्यांकडे दोन साध्या गोष्टी मागा. एक, मराठी पिक्चर लागला की दोन पूर्ण आठवडे रोज संध्याकाळी सहानंतरचा एक शो, बाराचा नव्हे. पहिल्या चार दिवसांत रिकामा गेला तरी काढायचा नाही. दोन, त्या शोचं तिकीट शंभरच्या आत. शंभरपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीही कमी आहे, आणि अनुदानाचा थोडा भाग निर्मात्याच्या खात्याऐवजी या तिकिटात घातला तर पिक्चर कुणी खरोखर बघितला का, हेही सरकारला कळेल. लालबागच्या ‘भारतमाता’नं गिरणगावातल्या लोकांना परवडेल अशा दरात वर्षानुवर्षं मराठी पिक्चर दाखवले. तिथे प्रेक्षकाला कुणी हात जोडून बोलावत नव्हतं. संध्याकाळी पाळी सुटली की लोक यायचे.