वजन घालण्याआधी गॅस बघा

अर्धस्वयंचलित रायफल खांद्याला फार लागते, तर दस्त्यातला बफर जड घाला, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही.

बफर म्हणजे एआर घराण्याच्या रायफलीत बोल्टसोबत मागेपुढे धावणारा वजनाचा तुकडा. आपल्या सैन्यदलांसाठी 2019 साली मागवलेल्या 72,400 सिग 716 रायफली याच घडणीच्या. एआरचा साधा बफर सुमारे 85 ग्रॅमचा, जड म्हणून घेतात तो 153 चा. फरक 68 ग्रॅम. साडेतीन किलोच्या रायफलीत दोन टक्केही नाही. एवढ्याने गोळीचा धक्का कसा कमी होणार? बोल्ट मात्र उशिरा उघडतो, हळू धावतो, मागची ठोकर सौम्य होते. हे मी नाकारत नाही. पण तो इतका उधळत का होता? बहुतेकदा नळीतून गरजेपेक्षा जास्त गॅस येतो म्हणून. ते तसंच ठेवून वजन वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

अमरावतीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट 9 आहे, अकोल्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र. चांदमारी इथे परकी नाही. पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरलेली इशापूरची 7.62 एसएलआर आठवा. तिच्यात बदलायला बफर नाहीच, गॅस रेग्युलेटर आहे. मोकळा केला की जादा गॅस बाहेर निसटतो, आवळला की पिस्टनवर जोर वाढतो. रायफल खात्रीने चालेल इतकाच गॅस, वर थोडी शिल्लक. उपाय दुखण्याच्या जागीच होतो.

आपल्याकडचं हवामान तर या वादात निर्णायक आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो. तापलेल्या काडतुसाचा दाब वाढतो, बोल्ट अधिक जोरात मागे येतो. त्या उन्हात जड बफर सुखाचा वाटेल. तीच रायफल डिसेंबरच्या पहाटे चिखलदऱ्याला न्या. दारूचा दाब उतरलेला, वंगण घट्ट झालेलं. बोल्ट अर्ध्यातूनच परततो, पुंगळी अडकते, पुढचं काडतूस चढत नाही. चकमकीत अडकलेली रायफल खांदेदुखीपेक्षा कितीतरी महाग पडते.

म्हणून वजन ठरवायचं ते मळलेल्या रायफलीवर, सर्वांत कमजोर काडतुसाने, थंड सकाळी. मॅगझिन रिकामं झाल्यावर बोल्ट दरवेळी मागे अडकून राहिला, तर ते वजन चालेल. एकदाही चुकला, तर एक पायरी हलकं घ्या.

आर्मोरर मंडळींना विनंती आहे: जवान धक्क्याची तक्रार घेऊन आला, तर जड बफर काढून देण्याआधी त्याच्या रायफलीचा गॅस आणि थकलेली स्प्रिंग तपासा.