काळ्या टेपखालचा चोर

दोस्तांनो, दर आठवड्याला या सदरात आपण काही ना काही खटपट करतो. आज मात्र मी माझी एक चूक सांगणार आहे. अर्धवट केलेली खटपट किती महागात पडते, तेही कळायला हवंच ना?

आमच्या वाईच्या घरी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९६८ सालची जावा मोटरसायकल आहे. म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली. तिची गंमत ठाऊक आहे? तिचा गिअरचा दांडा आत दाबून फिरवला, की त्याचीच किक होते! तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण आमची जावा अजून धावते.

मागच्या महिन्यात माझा दादा आणि पुतणी मुक्ता पाचगणीहून परत येत होते. पसरणी घाटात अंधार पडला. गाडीचा दिवा आधी पिवळा झाला, मग लालसर, आणि एका वळणावर चक्क गेलाच! समोरून एसटी येत होती. दादानं कशीबशी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. मग मोबाइलच्या उजेडात गाडी ढकलत दोघं खाली आले.

घरी आल्यावर मुक्ता एवढंच म्हणाली, "काका, दिव्याची वायर तूच जोडली होतीस ना?"

हो, मीच. वर्षापूर्वी तुटलेली वायर मी हातानं पिळली होती, वर काळी टेप गुंडाळली होती आणि हात झटकून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही टाकी उतरवली. टेप वितळून चिकट झाली होती. आतली तांब्याची वायर काळी पडली होती. वायर जरा हलवली, की दिवा लागे, पण मिणमिणता. मुक्तानं मल्टीमीटरचे दोन टोक सांध्याच्या दोन बाजूंना लावले. आकडा आला १.१ व्होल्ट.

"बारा व्होल्टच्या गाडीत एवढ्यानं काय बिघडलं असतं?" मुक्तानं विचारलं. बरोबर विचारलं! पण ही गाडी सहा व्होल्टची आहे. दिवा ३५ वॅटचा. ३५ ला ६ नं भागा : जवळजवळ ६ अँपिअर. तोच दिवा बारा व्होल्टवर असता, तर प्रवाह निम्माच लागला असता. सहा व्होल्टच्या गाडीत प्रवाह दुप्पट, म्हणून खराब सांध्यात वाया जाणारे व्होल्टही दुप्पट. आणि मुळात व्होल्टच कमी! सहातला एक व्होल्ट गेला, तर तारेच्या बल्बचा उजेड जवळपास निम्म्यावर येतो. आणि गेलेला व्होल्ट जातो कुठे? सांधा तापवण्यात! सहा अँपिअर गुणिले १.१ व्होल्ट, म्हणजे साडेसहा वॅटची छोटी शेगडीच माझ्या टेपखाली पेटली होती. सांधा तापला, की तांबं आणखी काळवंडतं. काळवंडलं, की आणखी तापतं. चोर असा हळूहळू माजत गेला.

बाकीच्या वायरींचं रबरही वाळून तडकलं होतं. तेव्हा ठरवलं, सगळं वायरिंग नवीन करायचं. पहिलं काम बॅटरीच्या वायरी सोडवण्याचं. दुसरं, चित्र काढण्याचं. मुक्तानं प्रत्येक जुन्या वायरीला चिठ्ठी बांधली आणि वहीत नकाशा काढला. मगच जुनं काढलं.

आता सांधे कसे करायचे? यावर घरात सभा भरली.

अप्पा म्हणाले, "सरळ डाग दे." डाग देणं, म्हणजे सोल्डर करणं, रेडिओत उत्तम. पण सोल्डर वायरीच्या बारीक तारांत झिरपतं आणि तेवढा भाग कडक होतो. गाडी थरथरली, की कडक भाग जिथं संपतो, नेमकी तिथंच वायर तुटते.

दादा म्हणाला, "घरातल्या फिटिंगसारखे स्क्रूचे कनेक्टर लाव." पण भिंत थरथरत नाही, गाडी थरथरते. स्क्रू ढिले होतात.

शेवटी थिंबल ठरली. वायरीच्या टोकाला पितळी थिंबल घालून ती क्रिंपिंगच्या पकडीनं दाबायची. नीट दाबली, की सगळ्या तारा एकमेकींना घट्ट बिलगतात, मध्ये हवा शिरायला जागा उरत नाही. साध्या पकडीनं चेपलेली थिंबल मात्र फसवते. म्हणून मुक्ता प्रत्येक थिंबल ओढून बघायची. बावीसपैकी तीन निसटल्या, त्या पुन्हा केल्या.

आणखी तीन नियम आम्ही पाळले. बॅटरीकडून येणाऱ्या बाजूला नेहमी झाकलेली मादी थिंबल लावायची, म्हणजे सांधा सुटला तरी उघडं टोक चेसिसला चिकटणार नाही. दिव्यासाठी जाड वायर आणि मध्ये फ्यूज हवाच. आणि अर्थची वायर जिथं चेसिसला लागते, तिथला रंग खरवडायचा, कारण वीज चेसिसमधूनच परत जाते आणि रंग तिला अडवतो.

तीन रविवार गेले. शेवटी दिवा लावून मल्टीमीटर धरला : ०.०२ व्होल्ट! अप्पांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला.

त्या रात्री दादा गाडी घेऊन घाटात निघाला. मुक्ता मागं बसेल की नाही, याची मला धाकधूक होती. ती आली, हेल्मेट घातलं आणि म्हणाली, "काका, या वेळी सगळे सांधे मी ओढून बघितलेत." आणि बसली!

मुलांनो, एक प्रयोग तुमच्यासाठी. कागदाला लावायची एक तारेची क्लिप सरळ करा आणि एकाच जागी पुढं-मागं वाकवा. कितव्या वेळी तुटली, ते मोजा. थरथरणाऱ्या गाडीत एकाच जाड तारेची वायर का चालत नाही, ते आपोआप कळेल. टॉर्चचे सेल घेऊन खुशाल खटपट करा, पण घरातल्या २३० व्होल्टच्या बटणांना आणि गाडीच्या बॅटरीला मोठ्यांशिवाय हात लावायचा नाही. कबूल?

आणि पालकहो, तुमच्या गाडीत कुठं काळी टेप दिसली, तर खाली काय आहे ते जरूर बघा. मुलांना दाखवून बघा.